तेविसावं पान

१

"आमची रोजची भाकर आज आम्हांस दे."

सहा हिवाळ्यांपूर्वी, दिवेलागणीला, हा आवाज कोल्डवेलच्या गढीच्या दाराबाहेरून आला होता. आवाज बाईचा होता. गळा बसलेला, थंडीनं चिरलेला, पण प्रार्थना अक्षर न् अक्षर बरोबर. रानातल्या निपमक टोळ्यांशी इंग्रज वसाहतीची लढाई पेटली होती आणि अख्खं गाव लाकडी गढीत कोंबड्यांसारखं दाटीवाटीनं बसलं होतं. चर्चचा कारभारी, डीकन जोथाम बार्लो, ह्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "ओळखतंय का कुणी हा आवाज? बाप्तिस्मा घेतलेल्या निपमकांपैकी असेल आणि कुणी ओळख देत असेल, तर दार उघडू. नाहीतर प्रार्थना काय, सैतानालाही पाठ असते."

कुणी बोललं नाही. चुलीजवळ शाल लपेटून बसलेली सुईण मेहिटेबल पाइकही बोलली नाही. बाहेरच्या बाईनं प्रार्थना आणखी दोनदा म्हटली. मग बर्फावर पावलं वाजली. मोठी पावलं, आणि त्यांच्यामागून छोटी.

त्यानंतर मेहिटेबलनं पुष्कळ बाळंतपणं केली, पुष्कळ डोळे मिटले. पण भाकरीवर सुरी ठेवली की तो आवाज यायचाच.

आज बुधवारी सकाळी तिच्या हातात सुरीच होती, आणि दारात डीकन उभा होता.

"चला, पाइकबाई. पाळकांच्या घरी एका बाईची अंगझडती घ्यायची आहे. पुरुषांनी घेणं बरं दिसत नाही."

"कोणत्या बाईची?"

"त्या दॉर्कसची. तिनं हेफ्झिबा टिल्टनच्या वहीतलं पान चोरलंय. उद्या गुरुवारच्या प्रवचनानंतर निवाडा. परवा तिला बॉस्टनला पाठवतो. तिथं बार्बाडोसचं जहाज लागलंय. ऊस तोडेल जन्मभर."

"निवाडा उद्या, आणि जहाज आजच ठरलं?"

"वारा काय निवाड्यासाठी थांबतो का?" डीकन म्हणाला. आपण काही विनोदी बोललो, हे त्याच्या गावीही नव्हतं. हा माणूस कोल्डवेलचा डीकन होता आणि न्यायाधीशही. म्हणजे माणसाला पापी ठरवून झालं की गुन्हेगार ठरवायला त्याला खुर्चीसुद्धा बदलावी लागत नसे.

दॉर्कस तळघरात सलगमांच्या ढिगाशेजारी बसली होती. लढाई संपल्यावर शरण आलेल्या निपमकांना गावानं वाटून घेतलं, तेव्हा ती पाळकांच्या वाट्याला आली होती. सहा वर्षं ती त्या घरचा मका कुटत होती. मुसळ खाली येई तसा तिचा श्वास वर जाई आणि दोन्हींमध्ये कसलंसं हलकं गाणं चाले. शब्द कळायचे नाहीत, पण कुणाला तरी झोपवायचं गाणं होतं, एवढं कुठल्याही सुईणीला कळलं असतं.

मेहिटेबलनं तिचे कपडे चाचपले. बरगड्या बोटांना मोजता येत होत्या. डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं गळालेली. कागदाचा कपटाही नव्हता.

"जोएलच्या वेळी तुझ्या हातांना ऊब होती, सुईणबाई," दॉर्कस म्हणाली. "आज गार आहेत."

मेहिटेबलनं हात काढून घेतले. जोएल, दॉर्कसचा मुलगा, ह्याच हातांत जन्मला होता. "पान घेतलंस का, पोरी?"

"मी कशाला घेऊ? त्या पानावर माझ्या जोएलचं नाव आहे. हेफ्झिबाबाईनं मला वाचून दाखवलं होतं. रानात त्याला पुरलं तिथं दगडसुद्धा नाही. नाव आहे ते फक्त त्या पानावर. ते मी घरातून घालवीन होय?"

"मग हे वर जाऊन सांगत का नाहीस?"

"सांगितलं," दॉर्कस म्हणाली. "पाळक म्हणाले, त्या पानावर असं काही नव्हतंच."

२

पाळक ओबद्या क्रेन ह्यांचं पोट त्यांच्या प्रवचनासारखं होतं. सुरुवात कुठं होते ते दिसे, शेवट दिसत नसे. अभ्यासिकेतली लाकडी पेटी त्यांनी स्वतः उघडून दाखवली. तिला कुलूप नव्हतं.

वही अजून शिवलेली नव्हती. लढाईत निपमकांनी धरून नेलं तेव्हाच्या, रानातल्या कैदेतल्या अकरा आठवड्यांची हकीकत हेफ्झिबानं सुट्या पानांवर, एकाच बाजूला लिहिली होती. छापणाऱ्यानं बॉस्टनहून खास कागद पाठवला होता, जाड आणि किंचित निळसर. वर पाळकांची प्रस्तावना होती, हकीकतीच्या निम्म्या लांबीची. तिच्यात त्यांनी भुकेचे सात आध्यात्मिक लाभ सांगितले होते.

"सातच?" मेहिटेबलनं विचारलं.

"आठवा सुचला होता," पाळक गंभीरपणे म्हणाले, "पण कागद संपला. बॉस्टनचा रस्ता चिखलात रुतलाय. उद्याचं प्रवचन कशावर लिहू, ही पंचाईत आहे. परवा त्या दॉर्कसनं कोऱ्या पाठीचं एक पत्र चुलीत घातलं. मी तिला सांगितलं, कोरा कागद जाळणं म्हणजे देवानं दिलेलं दान जाळणं."

"बरं. पान गेलं कधी?"

काल गावाचा उपास होता. पाप धुण्यासाठी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब नाही, चुलीत विस्तव नाही, आणि प्रार्थनाघरात दोन लांबलचक प्रवचनं. सकाळी पाळकांनी पानं मोजली तेव्हा ती पुरी होती. संध्याकाळी डीकन बॉस्टनला न्यायला म्हणून वही घ्यायला आला, त्यानं पुन्हा मोजली, तेव्हा तेविसावं गायब. मधल्या सुट्टीत घरात चौघंच आले होते. पाळक, त्यांच्या आश्रयाला राहणारी हेफ्झिबा, गायींना वैरण घालायला दॉर्कस, आणि प्रस्तावना ऐकायला डीकन.

"आणि पुरावा हा बघा," डीकननं चोविसावं पान पुढं धरलं. कोपऱ्यावर अंगठ्याएवढा तेलकट डाग होता. "चरबी! उपासाच्या दिवशी! अख्खं ख्रिस्ती गाव उपाशी असताना तुपकट बोटं कुणाची असणार? झालं की सिद्ध."

मेहिटेबलनं पान नाकाशी नेलं. मग बाविसावं पान उचललं. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचा, म्हणजे छापताना क्रम चुकत नाही, ही लिहिणाऱ्यांची रीत. एकविसाव्या पानाला तो शब्द होता. विसाव्यालाही. बाविसाव्याचा तळ मात्र बोटभर कापलेला होता, पात्यानं, सरळ, अगदी नेटका.

"गेलेल्या पानावर होतं काय, पाळकसाहेब?"

"परमेश्वराची करुणा," पाळकांनी डोळे मिटले. "रानटी लोक तिच्या देखत खात होते, तिला घास देत नव्हते. तेव्हा देवानं तिला बर्फाखाली कंद दाखवले. मला जसंच्या तसं आठवतंय. पुन्हा लिहून काढायला अर्धा तास पुरे."

"कागद संपलाय ना?"

पाळकांनी डोळे उघडले. "त्यातलं एक कोरं पान मी ह्यासाठी राखून ठेवलंय," ते म्हणाले.

तेविसावं हरवायच्या आधीच राखलं होतं की नंतर, हे मेहिटेबलनं विचारलं नाही.

३

अंगणात डीकननं तिला गाठलं.

"तुम्ही त्या पाचव्या पानाकडे काय टक लावून बघत होता?"

"त्यावर गढीचं दार आहे. बाहेरून कुणी भाकर मागितली आणि तुम्ही दार उघडलं नाही, असं हेफ्झिबानं लिहिलंय."

डीकनचा चेहरा सलगमासारखा जांभळा झाला. "म्हणून काय मी पान चोरलं?"

"छे हो. चोरायचं असतं तर पाचवं चोरलं असतं. तेवढं मोजता येतं तुम्हाला." ती चालू लागली, मग थांबली. "काल उपासाच्या दिवशी पाळकांकडे काही पाठवलं होतं का तुमच्या घरून?"

"सूर्यास्तानंतरसाठी! डुकराचं मांस भरून भाजलेली रोटी. माझी बायको आदल्या रात्रीच करून ठेवते. जायफळ घालते, पाळकांना आवडतं म्हणून. गावात जायफळ आमच्याकडेच आहे," हे शेवटचं डीकननं अभिमानानं सांगितलं.

हेफ्झिबा वरच्या खोलीत शिवत बसली होती. शिवायला काही नव्हतं. सुई रिकामीच होती. कैदेतून सुटली तेव्हा नवरा गेला होता, घर जळलं होतं. पाळकांनी छप्पर दिलं आणि त्या छपराखाली लिहायला बसवलं. तिच्या अंगावर तोच जुना घागरा होता, रानातून आला तो. बोलताना तिची बोटं त्याच्या काठावरून सारखी फिरत, जपमाळ ओढावी तशी. त्या काठाची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती, हे मेहिटेबलनं पाहिलं आणि विसरली.

"काकू, मला विचारू नका," हेफ्झिबा म्हणाली.

"मी कुठं विचारतेय? मीच सांगते. पाळकांनी पान बदलायला सांगितलं, तू नाही म्हणालीस."

हेफ्झिबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही म्हणायची हिंमत असती तर! मी गप्प बसले. ते म्हणाले, तुझी भूक तुझी नव्हे, बाई. ती देवानं ह्या सबंध वसाहतीला दिलेली शिकवण आहे. तिच्यात भलत्या माणसाचा घास शोभत नाही."

"भलता माणूस म्हणजे दॉर्कस?"

सुई थांबली.

"तिनं तुला रानात जगवलं. बरोबर? आणि कैदेतल्या इंग्रज बाईला जो निपमक जगवील त्याला बंधनातून मोकळं करायचं, हा ठराव खुद्द डीकननं गावसभेत मांडला होता. पान छापलं तर प्रस्तावना खोटी पडते, आणि मका कुटायला बाई उरत नाही. एका पानानं पाळकांचं केवढं नुकसान!"

"पान कुठं आहे मला खरंच ठाऊक नाही, काकू. जाळलं असेल."

"पोरी, तू त्या माणसाच्या घरात राहतेस आणि तुला इतकंही कळलं नाही? तो माणूस शेजारणीचं नाव जाळील. कागद नाही जाळणार."

जिना उतरताना तिला वाटलं, हेफ्झिबा अजून काहीतरी बोलेल. वरून फक्त एवढंच ऐकू आलं, "परवा तिला नेतील का हो?"

४

गुरुवारी प्रार्थनाघर भरलं. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, आणि दोहोंच्या मध्ये दॉर्कस, हात बांधलेली. दक्षिणेच्या खिडकीतून फाल्गुनासारखं कोवळं ऊन आत येत होतं. असं ऊन पडलं की बर्फाखालचं गवत हळूच कूस बदलतं.

पाळकांचा विषय होता, भूक.

"भूक म्हणजे देवाची मऊ छडी!" ते म्हणाले, आणि छोटी शिवलेली टिपणवही खिडकीच्या उजेडात वर धरून पान उलटलं. सगळी पानं जुन्या पत्रांची, पिवळट, कोपऱ्यांतून झिजलेली. मधलं एकच पान दुमडून घातलेलं. जाड. उजेडात निळसर.

मेहिटेबल गालात हसली. पन्नास वर्षांत ती प्रार्थनाघरात प्रथमच हसली असेल.

प्रार्थनाघरात बाईनं बोलायचं नसतं. पण प्रवचन संपलं, डीकननं घसा खाकरला आणि तेच घर न्यायालय झालं. न्यायालयात अंगझडती घेणाऱ्या बाईला बोलावंच लागतं.

"पाइकबाई, आरोपीच्या अंगावर काय सापडलं?"

"हाडं," मेहिटेबल म्हणाली. "चरबी तेवढी सापडली नाही. म्हणून मी ती दुसरीकडे शोधली."

बाकांवर चुळबुळ झाली.

"त्या डागाला जायफळाचा वास आहे, डीकनसाहेब. गावात जायफळ तुमच्याकडेच, आणि परवा तुमच्या घरची भरली रोटी पाळकांच्याच घरच्या फळीवर होती. उपास म्हटल्यावर सगळे उपाशीच असणार, असं आपण धरून चाललो. ही चूक आपल्याच गावात होऊ जाणे. दॉर्कसची बोटं हुंगायचं तुम्हाला लगेच सुचलं. रोटीला कुणी तोंड लावलंय, हे बघायचं सुचलं नाही."

"ते... कमजोरी आली होती," पाळक म्हणाले. "दोन प्रवचनं द्यायची होती. वैद्यकीय कारणानं एक घास—"

"घास खाल्लात त्याबद्दल काही म्हणणं नाही. भुकेचे सात लाभ लिहिणाऱ्याला आठ तास भूक निघाली नाही, एवढंच. पुढं ऐका. बाविसाव्या पानाचा तळ कापलाय. ज्याला नुसतं चोरायचं आहे त्याला तळाशी कोणता शब्द आहे ह्याचं काय? तळ तोच कापतो ज्याला तिथं दुसरं पान बसवायचंय. दॉर्कस कुठलं पान बसवणार होती? आणि कोरं पान कुणी राखून ठेवलंय?"

डीकन पाळकांकडे बघू लागला. त्याच्या डोळ्यांत न्याय नव्हता. आपल्या बायकोची रोटी उपासाच्या दिवशी खाल्ली गेली, ह्याचा धक्का होता. पण कधीकधी न्यायाला तेवढ्यावरच निघावं लागतं.

"मग पान कुठं आहे?"

"पाळकसाहेबांच्या हातात. मघापासून ते आपल्याला दाखवतायत. लिहिलेली बाजू आत दुमडली, कोऱ्या बाजूवर प्रवचन लिहिलं. कोरा कागद जाळणं त्यांच्या जिवावर आलं."

 मग डीकन उठला, टिपणवही घेतली, दोरा तोडला आणि पान उलगडलं.

५

डीकनला वाचायला वेळ लागत असे. त्यामुळे प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे प्रार्थनाघरात पडला.

"'दॉर्कसनं आपल्या पिठाचे रोज तीन वाटे केले. एक आपल्याला, एक आपल्या मुलाला, जोएलला, एक मला. पाणी घालून ते पीठ आम्ही पीत असू, आणि त्याआधी ती ख्रिस्ताच्या नावानं प्रार्थना म्हणे. पुढं तिनं स्वतःचा वाटा बंद केला. एलीया संदेष्ट्याला शेवटची मूठ देणारी सारफथची विधवा मी पुस्तकात वाचली होती. रानात मी तिच्या हातचं खाल्लं. पण त्या विधवेचं पीठ सरलं नाही, आणि तिचा मुलगा पुन्हा उठला. दॉर्कसचं पीठ सरलं. जोएल नवव्या दिवशी गेला. तो सहा वर्षांचा होता.'"

जोएलचं नाव डीकनच्या जाड आवाजात आलं तेव्हा दॉर्कसनं डोळे मिटले. तिचे ओठ हलले. मुसळाशिवायचं ते गाणं होतं.

बायका रडू लागल्या. ठराव डीकनचाच होता, त्यामुळे मोडता येईना. त्यानं स्वतःच्या हातानं दोर सोडला आणि असा चेहरा केला, जणू ही सुटका त्यालाच आधी सुचली होती.

आणि पाळक? पाळक उभे राहिले. ओशाळलेला माणूस दोन घटका तरी खाली बसतो, पण ह्यांना सवय नव्हती. "बंधूंनो," ते म्हणाले, "ह्यातही देवाची योजना पाहा! त्या मुलाच्या मरणानं आपल्या भगिनीचे प्राण—"

"खाली बसा," हेफ्झिबा म्हणाली.

ती बायकांच्या बाकावर उभी राहिली होती. दोन्ही हातांनी घागऱ्याचा काठ धरलेला.

"ह्यात पीठ होतं," ती म्हणाली. "घर जळत होतं तेव्हा मडक्यातून भाजलेल्या मक्याचं पीठ घेतलं आणि वाटेत काठात शिवलं. तीन मुठी. दॉर्कस वाटे करायची तेव्हा माझ्याकडे माझं होतं. मी तिचं खाल्लं. म्हटलं, माझं राहू दे, पुढं लागेल. जोएल गेला त्या सकाळीही काठ जड होता. चालताना पायाला लागत होता." तिनं श्वास घेतला. "मग मी लिहिलं, देवानं मला पुरवलं. मला कुणी उपाशी मारलं नाही, काकू. मीच... एका पोराचं..."

पाळक बसले. ह्या गोष्टीला नववा लाभ त्यांना सापडेना.

दॉर्कस तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही आणि मायेनंही नाही. बर्फ उतरल्यावर खालून नेमकं काय निघालं, हे माणूस बघतो तसं. मग ती डीकनपुढं गेली, हात पुढे केला, आणि डीकननं पान तिच्या हातात दिलं. देण्यावाचून काही सुचलंच नसावं.

ती बाहेर पडली. मेहिटेबल तिच्यामागून गेली.

अंगणात चिखल झाला होता. दॉर्कस पान उन्हात धरून त्यावर बोट फिरवत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण जोएलचं नाव कुठं आहे ते हेफ्झिबानं दाखवून ठेवलं होतं. एका जागी बोट थांबलं.

मेहिटेबलनं काल सकाळपासून सगळ्यांची झडती घेतली होती. डीकनची, पाळकांची, त्या बिचाऱ्या हेफ्झिबाची. प्रत्येकाच्या काठात काय शिवलंय ते तिनं उसवून दाखवलं होतं, आणि दाखवताना तिला बरंही वाटलं होतं. आता शिवण उसवायची एकच राहिली होती.

"पोरी," ती म्हणाली.

दॉर्कसनं मान वर केली.

"सहा वर्षांपूर्वी तू गढीच्या दाराशी आली होतीस. प्रार्थना म्हणत होतीस. जोएल मागं होता."

"होता."

"आत डीकननं विचारलं होतं, हा आवाज कुणी ओळखतंय का. कुणी ओळख दिली तर दार उघडणार होता तो." मेहिटेबलचे हात शालीतही गार पडले होते. "तुझ्या कळांत रात्रभर तुझा आवाज मी ऐकला होता. मी ओळखला होता, दॉर्कस. पहिल्याच शब्दाला ओळखला होता."